चमेलीबाईची लाह

चमेलीबाईची ओळख तिच्या मुलीमुळे झाली. तिची ममता चोपड्याच्या वसतिगृहात राहून शिकते. तिच्या शिक्षणाचा खर्च मी करते. एका संस्थेनं तीन वर्षांपूर्वी जुळवून दिलं. मी जळगावात मेहरूणला एकटी राहते, आणि ममताचं घर सातपुड्याच्या पायथ्याशी, पावरा लोकांच्या पाड्यावर. वर्षातून दोनदा तिचं पत्र यायचं आणि पत्रासोबत आईनं पाठवलेलं काहीतरी. आधी चारोळी, मग मोहाची फुलं, एकदा तर पाय बांधलेली जिवंत कोंबडी. मी सगळं परत पाठवलं. दिल्यावर काही घ्यायचं नाही, असं आमच्या शाळेतल्या सिस्टरनी शिकवलं होतं. डायरीत नोंद आहे : 'कोंबडी परत. ज्योत्स्नाला निक्षून सांगितलं.'

ज्योत्स्ना म्हणजे संस्थेची कार्यकर्ती. ७ मे २०२४ ला तिचा फोन आला.

"मावशी, चमेलीबाई ममताला दहावीला पाठवत नाही म्हणते. वसतिगृहातली तिची पेटीसुद्धा घरी नेली."

"लग्न ठरवलं की काय?"

"नाही. म्हणते, त्या बाईचं आता काही घेणार नाही."

मला राग आला आणि वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाला घेऊन मी पाड्यावर गेले.

चमेलीबाई चाळिशीची, काटक, हातात चांदीची कडी. तिनं खाट टाकली, पाणी दिलं आणि समोर जमिनीवर बसली. बाजारात ऐकून ऐकून शिकलेल्या तिच्या खानदेशी-मराठीत ती बोलत होती.

"तीन वरीस तू देती. एक डाव तरी आमले कामाले बोलावलं? कोंबडी नको, काम बी नको. आमचे हात काय सडेल शे?"

"कोंबडी परत आली तवा ही दोन दिवस जेवली नाही," तिचा नवरा धना दारातून म्हणाला. "मग ती कोंबडी मीच खाल्ली."

"तू चूप बस."

"अगं, मी मदत म्हणून देत होते," मी म्हटलं.

"मदत भिकाऱ्याले देतात."

मग तिनं जे सांगितलं ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी धना मोहाच्या झाडावरून पडला, पाय मोडला. उतारावरची दोन एकर जमीन, पीक गवतात बुडालेलं. एका सकाळी पाड्यावरच्या बारा घरांची माणसं विळे घेऊन आली आणि दिवसभरात शेत निंदून गेली. याला ते लाह म्हणतात. मजुरी नसते, ज्याचं शेत त्यानं जेवू घालायचं, आणि पुढं प्रत्येकाच्या बोलावण्याला जायचं. चमेलीबाईला तेव्हा आठवा महिना होता. ती अकरा घरी गेली. बारावं राहिलं, तोवर ममता झाली. बाराव्या दिवशी लेकीला पाठीला बांधून ती त्या शेतात उतरली.

"जो आपल्याकडून काम घेत नाही, तो आपला नाही," ती म्हणाली. "परक्याचं किती खायचं?"

ममता भिंतीला टेकून उभी होती. हातात भूमितीचं दहावीचं पुस्तक, कव्हरसुद्धा घातलेलं. ती हळूच म्हणाली, "आजी, तुमच्याकडे खरंच काही काम नाही का?"

काम होतं. आमचे हे गेल्यापासून सहा वर्षं मी मागच्या अंगणाचं दार उघडलं नव्हतं. गाजरगवत छातीला लागत होतं आणि त्यात कुठंतरी यांनी लावलेलं लिंबाचं झाड होतं. मी सांगितलं.

चमेलीबाई सरसावून बसली. "केवढी जागा?"

मी हातवारे करून दाखवली.

"सहा बाया. एक दिवस. जेवण तुझं."

"वरण-बट्टी चालेल?"

"तूप घालशील ना?" धनानं विचारलं. "मग मी बी येतो."

"ही लाह बायांची शे."

१९ मेला पहिल्या गाडीनं त्या सहाजणी आल्या, आपापले विळे-कुदळी घेऊन. दुपारपर्यंत अंगण मोकळं झालं. लिंबाच्या दोनच फांद्या हिरव्या होत्या. चमेलीबाईनं वाळलेलं छाटलं, आळं केलं आणि न विचारता माझ्या मोरीतली बादली त्यात ओतली. मी पहाटेपासून बट्ट्या भाजत होते. तिनं चार खाल्ल्या.

निघताना म्हणाली, "शाळा उघडली की पेटी नेते वसतिगृहात. पण आता पुढची लाह माझ्या शेतात. तू यायचं."

"अगं, मी चौऱ्याहत्तर वर्षांची. मला कुठं निंदता येतंय?"

"म्हातारी मानसं झाडाखाली पोरं राखतात. तू राख."

६ ऑगस्टला मी गेले. मोहाच्या झाडाखाली माझ्या वाट्याला चार पोरं आली, त्यातलं एक झोळीत. समोर बायांची रांग वाकून पुढं सरकत होती आणि मधूनच चमेलीबाईची हाक यायची, "ए जळगावची, ते रडी राहिलं, हलव ना झोळी!"

ममता तिथं नव्हती. तिची चोपड्याला गणिताची चाचणी होती.