लाल अक्षरं आली की

बेलवलीहून दर रविवारी मी अंबरनाथला, बुवापाड्यात जायचे, कारखान्यातल्या माणसांना प्रोग्रामिंग शिकवायला. कुणी सांगितले होते नसते उद्योग? कुणीच नाही, हौस माझीच. आता त्या हौसेचं नाव काढलं तरी जीव विटतो.

वर्गात एक काका होते. पन्नाशीला टेकलेले, उभी हयात पत्रा दाबायच्या प्रेसवर गेलेली. त्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरवर चालणारं मशीन येणार होतं. छोटा प्रोग्राम लिहायच्या परीक्षेत जे पास होतील ते राहणार, बाकीच्यांनी घरी बसायचं. काकांना घरी बसणं परवडणारं नव्हतं. मुलीचं नर्सिंग अर्ध्यात होतं.

डोकं चांगलं होतं त्यांचं, उगाच कशाला खोटं बोलू. पण प्रोग्राम चालवला आणि स्क्रीनवर चूक दाखवणारी लाल अक्षरं आली, की काका दोन्ही हात उचलून घेत, खुर्ची मागे सरकवत आणि गप्प बसत. ‘लाल आलं, मॅडम,’ एवढंच म्हणत. प्रेसवर तसाच नियम. मशीनने कुरकुर केली की हात बाहेर, आपण मागे, आणि साहेब येईपर्यंत कशालाही शिवायचं नाही. जे शिवले त्यांची बोटं गेलेली काकांनी पाहिली होती.

मी समजावलं, चिडले, भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. ‘अहो काका, इथे काही कापलं जात नाही. चुकलं की दुरुस्त करायचं आणि परत चालवायचं.’

‘कळतंय हो. हात ऐकत नाहीत.’

पुढे पुढे मी शेजारी उभी असले की ते आपणहून दुरुस्त करायला लागले. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

परीक्षेनंतरच्या रविवारी ते आले, पण आत येऊन बसले नाहीत. दारातच उभे राहिले.

‘लाल आलं,’ म्हणाले. ‘एक कंस बंद करायचा राहिला होता.’

‘दिसला नाही का तुम्हाला?’

‘दिसला की. लगेच दिसला.’

मला रागच आला. ‘मग लावायचा ना.’

‘हात बाजूला घेऊन थांबलो, मॅडम. वाटलं, साहेब येतील.’

इतकं हताश मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. वेळ संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले होते.

‘साहेब समोरच होते,’ काका म्हणाले. ‘त्यांना वाटलं, माझं लिहून झालं.’