अपेक्षा मोजायला भाईंदरला

मिरजेहून सकाळी सहाच्या एसटीने निघाले तेव्हा माझ्याजवळ कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. मी छातीच्या विकारांच्या एका दवाखान्यात काम करते. आमच्या मॅडमनी दम्याच्या रुग्णांसाठी एक प्रश्नावली तयार केली होती. माणसाला धाप किती लागते हे यंत्र सांगते. पण आपला आजार पुढे कसा वागेल असे त्याला वाटते, हे कसे मोजायचे? त्यासाठी अठरा प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे मुळीच आशा नाही, पाच म्हणजे पूर्ण खात्री. शेवटी एक मोकळा प्रश्न: आजार आटोक्यात आला तर काय करावेसे वाटते?

आमच्याकडच्या कोरड्या हवेतल्या लोकांना विचारून झाले होते. आता समुद्राकाठचे लोक हवे होते. माझी मामेबहीण वैशाली भाईंदरला नवघरात राहते, म्हणून मला पाठवले. प्रत्येकाला आठवड्याच्या अंतराने तेच प्रश्न दोनदा विचारायचे आणि मधे एका शब्दाचाही सल्ला द्यायचा नाही, असा नियम होता.

"तू बोललीस की त्यांचं उत्तर बदलणार," मॅडम म्हणाल्या. "मग आपण त्यांची अपेक्षा मोजली नाही, तुझं बोलणं मोजलं."

मला स्वतःला पंधराव्या वर्षापासून दमा आहे. तेही सांगायचे नव्हते.

ठाण्याला उतरून घोडबंदर रस्त्याची बस धरली. डावीकडे डोंगर, उजवीकडे मधूनमधून खाडी. एवढे पाणी मी आयुष्यात पाहिले नव्हते. आमच्याकडे दमेकऱ्याला समुद्राची हवा मानवत नाही असा समज. शाळेची गणपतीपुळ्याची सहल गेली तेव्हा मी घरीच होते. काशिमिऱ्याला भाओजी स्कूटर घेऊन उभे होते. महानगरपालिका होऊन दोन-चार वर्षे झालेली, जिकडेतिकडे बांधकाम. नवघरात एक कौलारू घर, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या, आणि त्याच्या पाठीला चिकटून सात मजली इमारत. भाओजी मूळचे रत्नागिरीचे, त्यामुळे जेवायला कुळथाची पिठी आणि सुका जवळा होता. "बांधकामाची धूळ फार गं," वैशाली म्हणाली, "तुझा पंप जवळच ठेव."

दुसऱ्या दिवशी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस घेतली. मिठागरांतले पांढरे ढीग उन्हात डोळ्यांना टोचत होते. उत्तनला उतरून पाली या कोळीवाड्यात चालत गेले. दोन्ही बाजूंना वलांड्या (बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव) आणि मधून अरुंद गल्ली. एक मोटारसायकल आली की सगळ्यांनी भिंतीला चिकटायचे.

रुग्णांच्या यादीतल्या काशिनाथदादांचे घर गल्लीच्या टोकाला, चढावर होते. वय पन्नाशीचे. सहा वर्षांपूर्वीपर्यंत स्वतःच्या होडीने समुद्रावर जात. आता होडी धाकटा भाऊ नेतो. ते ओट्यावर भिंतीला पाठ टेकून जाळे विणत बसले होते. त्यांच्या पत्नीने, हिराबाईंनी, मला ओट्यावरच बसायला पाट दिला.

प्रश्न वाचत गेले. पुढच्या सहा महिन्यांत धाप कमी होईल असे वाटते का? एक. औषधाने फरक पडेल? एक. जिना चढता येईल, झोप लागेल, सणाला नाचता येईल? एक, एक, एक. आवाजात तक्रार नव्हती. मोकळ्या प्रश्नाला मात्र त्यांचे हात थांबले.

"त्याचं काय मोजताव, बाय?" ते म्हणाले. "लिवा, काय न्हाय."

हिराबाई आतून म्हणाल्या, "खोटं बोलतान. भावाची होडी परत आली की नुसत्या इंजनाच्या आवाजावर सांगतान, आज म्हावरं (मासळी) किती हाय. जाग्यावरून उठत न्हाय, पन सगलं तिकडंच."

दादा पुन्हा जाळे विणू लागले. माझी नजर दारातून आतल्या फळीवर गेली. तिथे रोज घ्यायच्या औषधाचा पंप होता, खोक्याचे सीलही न फोडता ठेवलेला. मी पाहिले हे दादांनी पाहिले.

"सरकारी डाक्टरनी दिलंय. पन तो सुरू केला की सुटत न्हाय. माझ्या आयशीला शेवटाला तोच दिलता. मंग महिनाभरात गेली."

तो पंप शेवटचा नसतो, पहिला असतो, हे माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी कागदाची घडी घातली आणि पुढच्या आठवड्यात येते म्हणाले. हिराबाईंनी जेवल्याशिवाय सोडले नाही. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचे कालवण. चव उत्तम होती, पण माझे लक्ष फळीकडेच होते.

मधले दिवस नवघर आणि मीरा रोडमध्ये गेले. बेव्हर्ली पार्कमध्ये एका नव्या लग्नाच्या मुलीकडे गेले. तिचे नाव इथे लिहीत नाही. सासू मंदिरात गेल्यावरच तिने दार उघडले. पंप तिने तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या आत पुरून ठेवला होता.

"मिस्टरांना माहितीये, बाकी कोणाला नाही," ती म्हणाली. अठरा प्रश्नांची उत्तरे तिने भराभर दिली, बहुतेक तीन. मग मोकळ्या प्रश्नावर पेन हातात धरून विचारले, "ताई, मला बाळ हवंय. दमेवालीला होतं का हो नीट?"

"डॉक्टरांना नक्की विचार," मी म्हणाले. एवढेच म्हणायची मला मुभा होती. सोळाव्या मजल्यावर असावे तसे वारे तिच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीत येत होते. खाली उतरल्यावर मी बराच वेळ बाकावर बसले. माझे ठरलेले लग्न पर्समधल्या पंपावरून मोडले, त्याला त्या वेळी आठ वर्षे झाली होती. त्या घरात मी काय काय केले असते, याचा विचार मी सहसा करत नाही. त्या दिवशी केला. एका खिडकीतल्या कुंड्यांपर्यंत केला.

आठवड्याने पुन्हा पालीला गेले. त्या दिवशी वारा पडला होता आणि वाळत्या मासळीचा दर्प गल्लीत कोंडला होता. समोरून टेम्पो आला, धूळ उडाली, आणि दादांच्या घराचा चढ अर्धा चढते न चढते तोच माझी छाती आवळली. कशीबशी ओट्यापर्यंत पोचले, पर्समधून पंप काढला आणि दादांच्या समोरच ओढला. लपवायला वेळच नव्हता.

हिराबाई पाणी घेऊन आल्या. दादा जाळे बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"तुमाला पन हाय?"

"पंधराव्या वर्षापासून."

"आनि तो फळीवरचा, तसला?"

"तोही. रोज सकाळ-संध्याकाळ. एकोणीस वर्षं झाली."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मग म्हणाले, "मंग तुमी अजून हायत कशा?"

हिराबाई हसल्या, मीही हसले, आणि नियम तिथेच संपला. आईंना तो पंप फार उशिरा दिला असेल, तो आधी घ्यायचा असतो, हे मी सांगितले. त्यांनी खोके हातात दिले. कसा घ्यायचा ते मी दाखवले: आधी सगळा श्वास सोडायचा, मग पंप एकदा दाबत श्वास हळू ओढायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, नंतर चूळ भरायची. दादा सातापर्यंत पोचले आणि खोकले. दुसऱ्या खेपेला दहा झाले.

मग त्यांनी माझ्या मांडीवरचा कागद उचलला. "आता तुमचं सांगा. बरं वाटलं तर काय करावंसं वाटतंय?"

शेकडो लोकांना मी हा प्रश्न विचारला होता. मला कोणी विचारला नव्हता. उत्तर लगेच आले. "होडीत बसायचंय. किनारा दिसेनासा होईपर्यंत जायचंय."

दादांनी समुद्राकडे पाहिले. ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडल्या होत्या. "मना पन," ते म्हणाले.

मिरजेला परतल्यावर मॅडमना सगळे खरे सांगितले. त्यांनी काशिनाथदादांचा कागद बाजूला काढून वर रेघ मारली. रागावल्या नाहीत. "मोजणीतून एक माणूस गेला," म्हणाल्या, "चालेल." त्यांच्या परवानगीने बेव्हर्ली पार्कच्या मुलीला पत्र लिहिले, तिच्या नवऱ्याच्या नावे: दमा नीट सांभाळला तर बाळंतपण सुखरूप होते, औषध मनाने बंद करू नये. उत्तर आले नाही.

आषाढात दवाखान्यात हिराबाईंचा फोन आला. पावसामुळे होड्या वर ओढल्या होत्या. "रोज घेतान," त्या म्हणाल्या. "होडीला रंग लावतान भावाबरोबर. नारली पुनवेला चढनार म्हंतान. मी म्हंतंय, बगू."

त्यानंतर फोन आला नाही. त्यांनी ज्या बूथवरून फोन केला होता त्याचा नंबर लावला, तर कोणीतरी हिंदीत राँग नंबर म्हणाले. नारळी पौर्णिमेला मिरजेत लख्ख ऊन होते आणि दवाखान्यात रांग होती. कागद भरता भरता माझे लक्ष सारखे घड्याळाकडे जात होते. आता भरती आली असेल, नारळ सोडले असतील, होड्या सुटल्या असतील. त्यांतल्या एकीत काशिनाथदादा बसलेले असतील, अशी माझी अपेक्षा आहे.