तू तिथं होतास?

बातमी ऐकल्यावर ती खरी आहे का, हे बघायला एसटीत बसणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय, आणि उभ्या जालना जिल्ह्यात असा तो एकटाच आहे यावर मी कुणाशीही भांडेन. वाटूरच्या चौफुलीवर कापडाचं दुकान असलेले आमचे शेठजी. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले. शेठजींची मारवाडी आता आरतीपुरती आणि बायकोशी भांडण्यापुरती उरली आहे.

शहागडचा पूल 'कोणत्याही क्षणी' कोसळणार, असं मोबाइलवरच्या एका वाहिनीनं एकदा किंचाळून सांगितलं. शेठजी दुकान मुलावर टाकून निघाले. या टोकापासून त्या टोकापर्यंत पूल चालले, मधोमध डबा उघडून पोळीभाजी खाल्ली, आणि संध्याकाळी चौफुलीवर येऊन जाहीर केलं, "पूल बराबर आहे. माझं जेवण होईपर्यंत तर बिलकुल न्हाई पडला."

सिनेमातल्या एका नटावर त्यांचा जीव आहे. तरीही त्याच्या कटआउटला पोरं दुधानं आंघोळ घालायला निघाली, तेव्हा शेठजी पातेल्यापुढं आडवे झाले. "पुठ्ठ्याला दूध पाजून राह्यले! मंग ढेकर कोण देणार?" ते दूध शेवटी हॉटेलात गेलं आणि सगळ्या चौफुलीनं चहा प्याला. त्याच नटाला प्रत्येक पडलेल्या सिनेमानंतर शेठजींचं पोस्टकार्ड जातं : 'या वेळी तुम्ही मन लावून काम केलं नाही.' उत्तर कधी आलेलं नाही. "चाहता म्हंजी घरचा माणूस. घरच्यानं बोलायचं न्हाई तर कोणी?" मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला, व्यक्तिपूजेचा शत्रू, पण अशी पूजा असेल तर मी आरतीला उभा राहीन. गणपतीत डीजे आला, तेव्हा त्यांनी प्रसादासोबत कापसाचे दोन-दोन बोळे वाटले. डीजेवाल्यानंही घेतले आणि गुपचूप कानात घातले.

गेल्या विसर्जनाला मी जालन्यात एका सभेला होतो. तिथं मोबाइलवर बातमी आली : 'वाटूरमध्ये मिरवणूक रोखली, गावात तणाव.' सोबतच्या व्हिडिओत थांबलेला ट्रॅक्टर, गप्प झालेले ढोल, गर्दी. माझं रक्त उसळलं. धर्माच्या नावानं रस्ते अडवणाऱ्यांचा निषेध करणारा जळजळीत मजकूर मी तिथंच बसून लिहिला आणि सगळीकडं पाठवला.

सकाळी शेठजींनी मला दुकानात बोलावलं.

"लेखकराव, तू तिथं होतास?"

"नाही, पण व्हिडिओत..."

"मी होतो. दोन गिलास पिलो."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. शेठजींच्या दुकानासमोर शिलाईवाले चाचा बसतात. दरवर्षी मिरवणूक त्यांच्या गल्लीपाशी थांबते, कारण ते पिंपभर गुलाबाचं सरबत करून उभे असतात. ढोलवाले ढोल उतरवतात, पितात, पुन्हा निघतात. लहानपणापासून मी ते सरबत पीत आलो, आणि तेच थांबणं पडद्यावर मला ओळखू आलं नाही!

शेठजी मला हाताला धरून समोर घेऊन गेले. चाचा मशीनवर वाकलेले होते. मी माफी मागितली. त्यांनी मान वर केली नाही.

"बेटा, तू तर इथलाच. घरचे म्हणून राह्यले, पुढच्या साली पिंप नको. उगं लोक काय म्हणतील."

"चाचा, मी खरं काय ते लिहितो ना..."

"लिही. पण ते वाचायला कोण थांबतं?"

दुसऱ्या दिवसापासून ती बातमी पुढं पाठवणाऱ्या एकेकाच्या घरी शेठजी जाऊ लागले. मंठ्याला, परतूरला, पार जाफराबादलाही. वाद नाही, उपदेश नाही. पाणी प्यायचं आणि विचारायचं, "तू तिथं होतास?" आता गुडघे साथ देत नाहीत, एसटीची पायरी चढताना कंडक्टर हात देतो. परवा म्हणाले, "बरीच घरं राह्यली रे. माझ्यानं आता व्हायचं न्हाई."

विसर्जन तोंडावर आलंय आणि पिंप ठेवायचं की नाही, हे चाचांनी अजून सांगितलेलं नाही. म्हणून विनंती करतो. तो व्हिडिओ तुमच्याकडं आला असेल, तर ज्यांना पाठवलात त्यांना आज फोन करा, आणि ते थांबणं सरबतासाठी होतं एवढं सांगा. आणि विसर्जनाच्या दिवशी वाटूरला या. चाचांच्या गल्लीपाशी उभे राहा आणि हक्कानं एक गिलास मागा.