लॅक्रॉसच्या जाळीतला नैवेद्य

मी सात वर्षे मुलींच्या लॅक्रॉस संघाचा प्रशिक्षक होतो आणि त्यातली पहिली दोन वर्षे मला हा खेळ मुळीच कळत नव्हता. उरलेल्या पाच वर्षांविषयी मी ठामपणे काही म्हणणार नाही.

क्लेटनजवळच्या एका विद्यापीठाच्या मेकॅनिकल वर्कशॉपमध्ये मी तंत्रज्ञ आहे. लॅक्रॉसची काठी म्हणजे टोकाला खोलगट जाळी बसवलेला दांडा. त्या जाळीत चेंडू झेलायचा, तो न पाडता पळायचे आणि गोलात फेकायचा. एका दुपारी दोन मुली अशा मोडक्या काठ्या दुरुस्तीला घेऊन आल्या. मी त्या नीट करून दिल्या. आठवड्याने त्याच मुली एक फॉर्म घेऊन आल्या. संघ चालू ठेवायचा तर एका कर्मचाऱ्याची सही लागत होती आणि सहीची जागा ‘प्रशिक्षक’ या शब्दाखाली होती. मला नाही म्हणता येत नाही. या दोषाला मी बरीच वर्षे सौजन्य समजत आलो.

घरी सांगितले तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, तुम्ही शाळेत खो-खोमध्येसुद्धा राखीव होता ना?”

“राखीवही नव्हतो. पाणी द्यायचो.”

“मग ठीक आहे. अनुभव आहे.”

सात वर्षांत आम्ही एकही सामना जिंकलो नव्हतो. शेवटच्या मोसमात कर्णधार होती नागपूरची एक मुलगी. क्लबमध्ये नाव घातले की फुकट पिझ्झा मिळतो म्हणून ती आली होती आणि पुढे या खेळाने तिला धरून ठेवले. तिचा अभ्यासक्रम संपला होता, नोकरी पर्थला लागली होती. मोसमातला शेवटचा सामना तिचाही शेवटचा.

“सर, मला कप-बिप नको,” ती म्हणाली. “जायच्या आधी एक मॅच जिंकायची आहे. एकच.”

तो सामना नेमका दसऱ्याला आला. पुण्यात कारखान्यात होतो तेव्हा आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही लेथला हळदकुंकू वाहत असू. ती सवय सुटलेली नाही. मी संघाच्या बारा काठ्या गॅरेजमध्ये मांडल्या आणि पूजा केली. नैवेद्य कुठे ठेवावा हा प्रश्न पडला. जाळी ओंजळीसारखी दिसत होती. मी प्रत्येक जाळीत गुळाचा एक खडा ठेवला, आणि तो खेळणारीच्याच हाती पडावा म्हणून सकाळी सारे तसेच डिकीत घातले.

मैदान दोन तासांवर होते. इथे दक्षिण गोलार्धात दसरा वसंतात येतो, आणि वसंतातला तो पहिला उकाडा होता. पोचेपर्यंत निम्मा गूळ वितळून जाळीच्या दोऱ्यांत मुरला होता. उरलेले खडे मी मुलींना वाटले. “नॅचरल एनर्जी, मेट,” एकीने दुसरीला समजावले.

सामन्याआधी पंच प्रत्येक काठी तपासतात. जाळीत चेंडू ठेवून काठी उलटी करायची; चेंडू लगेच खाली पडला पाहिजे. पंचबाईंनी काठी उलटी केली. चेंडू पडला नाही. त्यांनी ती झटकली, मग हापटली. दुसरी काठी घेतली, तिसरी घेतली. जो चेंडू जाळीत टिकवायला मी सात वर्षांत शिकवू शकलो नव्हतो, तो आज निघता निघत नव्हता. प्रतिस्पर्धी संघाचा प्रशिक्षक माझ्या कानाशी येऊन आदराने म्हणाला, “कुठलं केमिकल आहे, मेट?”

पंचबाईंनी बोट हुंगले. हे प्रशिक्षकाने केले असेल तर संघ बाद, खेळाडूने केले असेल तर फक्त ती खेळाडू बाहेर, असे त्यांनी शांतपणे सांगितले. मी तोंड उघडले. परंतु खंडेनवमीपासून सुरुवात करावी की गुळापासून, हे ठरेना.

“मी केलं,” कर्णधार म्हणाली.

मी तोंड मिटले. मला हायसे वाटले, हेही लिहून ठेवले पाहिजे.

चहासाठी आणलेल्या गरम पाण्याने काठ्या धुतल्या आणि सामना सुरू झाला. ती माझ्याशेजारी बाकावर बसली.

“काय करून राहिले होते सर तुम्ही?”

“पूजा.”

“गुळानं?” ती हसली. “जाऊ द्या. आता जिंकवा.”

मी काय जिंकवणार! मुली जिंकल्या, एका गोलने. मैदानात त्या एकमेकींवर कोसळल्या. हिला रेषा ओलांडायची मनाई होती, म्हणून ती माझेच खांदे गदागदा हलवत ओरडत राहिली, “जिंकलो नं सर! जिंकलो!”

पुढचे तीन आठवडे मला अन्न गोड लागले नाही. शेवटी कोणालाही न विचारता मी असोसिएशनला चार पानी कबुलीपत्र लिहिले. त्यात एक पान खंडेनवमीवर होते आणि गूळ कसा वितळला याची आकृतीही होती. पत्र पाठवून मला फार हलके वाटले.

उत्तर सौजन्याने भरलेले होते. दोष प्रशिक्षकाचा असल्यामुळे आमचा विजय रद्द झाला. कर्णधार निर्दोष असल्यामुळे तिच्यावरची बंदी उठली. त्या सामन्यात खेळण्याची तिला पूर्वलक्षी परवानगी होती. तो सामना आता धरला जाणार नव्हता, इतकेच. सोबत माझ्या नावाचे खिलाडूवृत्तीचे प्रशस्तिपत्रक होते.

तिचे नाव स्वच्छ झाले म्हणून ती खूश होईल, असे मला खरोखर वाटले होते. वर्कशॉपमध्ये उभ्यानेच तिने पत्र दोनदा वाचले.

“तुम्हाला बरं वाटलं का सर?”

“हो,” मी म्हणालो. निदान ते तरी खरे बोललो.

“आम्ही जिंकलो होतो. मी बाहेर बसून का होईना, पण जिंकलो होतो. मला विचारलं का तुम्ही?”

“नाही. चुकलो. माफ कर.”

“माफी माझी मागायची नं. असोसिएशनची काऊन?”

मी गप्प राहिलो ते माझ्या सोयीसाठी आणि बोललो तेही माझ्याच सोयीसाठी, हे मला लेथपाशी उभे असताना, पन्नाशी उलटल्यावर कळले.

“शनिवारी पार्कात जिंकल्याची पार्टी आहे,” ती म्हणाली. “पोरींनी केक सांगितला आहे. त्यांना अजून काहीच माहीत नाही. तुम्ही सांगा. या वेळी मी मधे पडणार नाही.”

शनिवारी बार्बेक्यूभोवती अकरा जणी हसत उभ्या होत्या. केकवर क्रीमने सामन्याचा स्कोअर लिहिलेला होता. मी गूळ सांगितला, मौन सांगितले, पत्र सांगितले. मग एकीने हळूच विचारले, “सो... केक खायचा की नाही?”

कर्णधाराने सुरी घेतली, केकवरचे आकडे हलक्या हाताने खरवडून काढले आणि सगळ्यांना तुकडे दिले. मला सर्वांत शेवटी मिळाला.