एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत

गोव्यात, साखळी गावच्या शाळेत मी फ्रेंच शिकवतो. माझ्या फ्रेंचमध्ये बाजारहाट आहे, हवापाणी आहे. माणसाचं पोट त्यात कधी नव्हतं.

थोरला भाऊ फ्रान्समध्ये एका हॉटेलात मांस कापायच्या कामाला होता. यकृतात गाठ निघाली. तिथल्या सर्जननी ती कशी काढायची ते कागदावर लिहून दिलं, आणि हा घाबरून, सही न करताच धारगळला घरी आला. इथल्या डॉक्टरांनी ती फाईल माझ्याकडे दिली. "भाषांतर करून आणा. आम्हीही जवळपास असंच करू. आणि भावाला त्यांच्या भाषेत नीट समजावा."

डॉक्टरांसाठी केलेलं भाषांतर अचूक होतं. 'बी-सूकोस्ताल' म्हणजे दोन्ही बाजूंच्या बरगड्यांखालून, एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत छेद. त्याच्या मधून आणखी एक, वर छातीच्या हाडापर्यंत. शब्द नीट कळावा म्हणून मी वहीत आकृती काढली. उघडलेला माणूस समोर दिसला आणि मी वही मिटली.

भावाने विचारलं, "किती चिरतले रे? माका खरां सांग. मी हयातभर जनावरां उघडलीं."

"चार बोटं, दादा. उजव्या बरगडीखाली."

"इतकीच?" तो हसला. "तितक्यातसून कोंबडीचां काळीजय भायर येवचां नाय!"

"मास्तर सांगतत म्हणजे खरांच आसतलां," वहिनी म्हणाली.

तरी देवाला विचारल्याशिवाय तो सही करेना. देवळात गुरवाने कौलासाठी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या आणि माझ्याकडे वळला. "गाऱ्हाणां नेमकां सांगा, मास्तर. विचारशात तेचांच उत्तर मेळतलां."

वहिनी हात जोडून शेजारी उभी होती. मी म्हणालो, "चार बोटांची चीर आहे. करावी का?"

उजवी पाकळी लगेच पडली, म्हणजे देवाचा होकार. वहिनी रडली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारलं, "सगळं सांगितलंत ना?" मी 'हो' म्हणून मान हलवली. भावाने सही केली.

शस्त्रक्रियेनंतर नर्सने पहिल्यांदा ड्रेसिंग सोडलं तेव्हा त्याने मान उचलून स्वतःचं पोट पाहिलं. एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत पाहिलं. मी म्हणालो, "दादा, खरं सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. गाठ तशीच राहिली असती."

"माका फसयलंस तां जांव दी," तो म्हणाला. "देवाकय फसयलंस?"

 

परवा त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला. मी धावत डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "उरलेल्या यकृताला वेळ लागतोय. आशा आहे." एक शब्द इकडचा तिकडे न करता मी ते भावाला सांगितलं.

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. वहिनीला म्हणाला, "तूं वच आणि डॉक्टराक विचारून ये."

वहिनी उठली.