डाव्या हाताचा खिसा

हर्सूल तलावाजवळच्या एका गॅरेजमध्ये दर रविवारी सकाळी चार माणसं पार्ट पसरून बसली, की अँप्लिफायर होवो न होवो, किस्से होतातच. जुने स्क्रू जसे आम्ही टाकत नाही, तसे हेही टाकत नाही. आता डबाभर झालेत, आणि त्यातले निम्मे माझ्यावरचेच आहेत. म्हटलं, दुसऱ्या कुणी मीठमसाला लावून सांगायच्या आत आपणच सांगून टाकावेत.

गॅरेज कुलकर्णी सरांचं. सर फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक. बाळूदादा देवगाव रंगारीचा. घरची शेती आहे, तो स्वतः वाळूजच्या कंपनीत मेंटेनन्सला. शकीलभाई सिल्लोडचे, लग्नांना साउंड लावतात. चौथी मी, रेणू. शिक्षण बीएस्सी, स्वभाव दार वाजलं तरी दचकायचा. आणि मला स्वतःच्या हातानं व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बनवायचा होता. जुन्या रेडिओत पेटायचे ना, ते काचेचे व्हॉल्व्ह.

गॅरेजचा एक कायदा आहे. अँप्लिफायर कुणीही बनवो, पहिल्यांदा बटण जो दाबेल त्याच्या नावानं तो ओळखला जातो. बाळूदादानं अख्खं वर्ष घालून एक बनवला आणि ऐन वेळी त्याला शिंक आली. सरांनी बटण दाबलं. तो अँप्लिफायर आज बाळूदादाच्या घरात, बाळूदादाच्या कपाटात आहे, आणि त्याची बायकोसुद्धा म्हणते, "अवं, सरांच्या मशीनवरली धूळ पुसा की जरा."

मला करंटची भीती होतीच. पण त्याहून जास्त या कायद्याची. कारण मी ऐन वेळी पळणार याबद्दल तिघांचं एकमत होतं. बटण मग कुणी दाबायचं, एवढाच वाद बाकी होता.

*

पहिली निवड व्हॉल्व्हची. सर म्हणाले, "पहिलाच आहे, लहान व्हॉल्व्ह घे. आवाज कमी, पण गोड."

शकीलभाईंनी विचारलं, "कमरा कित्ता बडा है, बेटा?"

"दहा बाय दहा."

"ये छोटे वाले से तो मच्छर भी नहीं नाचेगा." असं म्हणून त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणलेला एक व्हॉल्व्ह काढला. दुधीभोपळ्याएवढा.

बाळूदादानं तो फिरवून पाहिला. "ह्यो लावल्यावर थंडीत शेगडीची गरज नाय."

सर वैतागले. "शकीलभाई, तिला खोलीत बसून गाणी ऐकायचीत. वरात काढायची नाही."

"कभी न कभी तो निकलेगीच ना, सर."

मी घाईघाईनं सरांचे लहान व्हॉल्व्ह निवडले.

*

ते व्हॉल्व्ह हातात घेऊन उजेडात बघत होते, तेवढ्यात आत काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. काकू म्हणजे सरांच्या मिसेस. माझ्या हातातला व्हॉल्व्ह उडाला. बाळूदादानं तो क्रिकेटच्या स्लिपमध्ये उभा असल्यासारखा हवेतच झेलला, आणि शांतपणे म्हणाला, "रेणू, ती शिट्टी मोबाईलमधी भरून घे. रोज कानाशी वाजीव. लई लवकर मोडतंय भ्या."

मी खरंच भरून घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातच वाजवली. मी दचकलेच, पण शेजारच्या खोलीतून बाबांनी झोपेतच विचारलं, "आणखी किती व्हायच्यात?"

*

चालू मशीनजवळ काम करायचं तर डावा हात खिशात, ही सरांची शिस्त. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो. एक खिशात असला तर माणूस वाचण्याची शक्यता बरी. तिघंही इतके सरावलेत, की चहासुद्धा तसाच पितात. प्रश्न माझाच होता. माझ्या एकाही कुर्त्याला खिसा नाही.

सर म्हणाले, "पाठीमागं धर." धरला. शकीलभाई म्हणाले, "परेड की सलामी लेने आए क्या?"

शेवटी टेलर मावशींकडं गेले. म्हटलं, "फक्त डावीकडं खिसा लावा. चांगला खोल."

"मोबाईलला?"

"नाही, हाताला."

मावशींनी टेप गळ्यातून काढली, माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "लग्नाचं बघताहेत का घरी?"

ही हकिगत ऐकून काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "यांनी लग्नात मला हार घातला तो एका हातानं. दुसरा खिशात. मला वाटलं, पाकीट सांभाळताहेत."

*

ट्रान्सफॉर्मर निवडताना मात्र तिघांचं जमलं: जितका जड, तितका चांगला. शहागंजात एका कारागिराकडून तार गुंडाळून तो बनवून घेतला आणि मांडीवर घेऊन शेअर रिक्षात बसले. शेजारी सिल्लोडच्या बाजूची एक आजी होती. रिक्षा खड्ड्यात गेली की माझ्या तोंडून "आई गं" निघायचं.

"काय हाय गं एवढं वज्जं, बाई?"

"ट्रान्सफॉर्मर आहे, आजी."

आजीनं पदर सावरून पिशवीत डोकावून पाहिलं. "आमच्या गावचा जळाला तवा उचलाया ट्रॅक्टर लागला. शहरात असे बारके द्येत्यात व्हय?" मग माझ्या कानाशी येऊन, "त्या साहेबाचा नंबर दे. बारका का व्हईना, आमाला चालंल."

*

कपॅसिटरच्या वेळी शकीलभाई म्हणाले, "नए कायको लेते? मेरे पास पुराने हैं, अभी भी जान है." कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो, हे मला पाठ होतं. त्यांनी एक काढला आणि "पकड बेटा" म्हणत माझ्याकडं टाकला. मी टेबलाखाली. सवयीनं बाळूदादानं झेलला.

 मग हात झटकत म्हणाला, "व्हय. जान हाय."

मी नवेच घेतले. तेव्हा शकीलभाईंनी मला एकच उपदेश केला. "कपॅसिटर उलटा लगा, तो पहले सीटी मारता, फिर फटता. सीटी सुनी की भागना. चप्पल भी नहीं देखना." बाकी दोघांनी माना डोलावल्या. या एका बाबतीत तिथं कुणाचंच दुमत नव्हतं.

*

सगळं बसवायला अ‍ॅल्युमिनियमचा डबा हवा होता. दुकानातला एकही पसंत पडेना. आईचं केकचं भांडं मात्र मापात बसलं. व्हॉल्व्हची भोकं पाडून झाल्यावर आईला कळलं. तिनं भांडं उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिलं. "आता यात केक करू, की याखाली आंघोळ?"

*

आणि तो रविवार आला. सगळं जोडून झालं, सरांनी पुन्हा पुन्हा तपासलं. मी खिशाचा नवा कुर्ता घालून गेले होते. केकचं भांडं टेबलावर, त्याला सरांचा रेडिओ जोडलेला, स्पीकर बाजूला. डावा हात खिशात घातला, उजवा बटणाकडं नेला. बोट बटणाच्या वीतभर अलीकडंच थांबलं.

"भ्या वाटत आसंल तर सांग," बाळूदादा पुढं सरकला. "मी हाय."

"बेटा, तू जरा दूर से देख," शकीलभाई दुसऱ्या बाजूनं आले.

"त्यात कमीपणा काही नाही, रेणू," सर समोरून म्हणाले. "दे, मी दाबतो."

तीन डावे हात खिशात, तीन उजवे हात माझ्या बटणावर येऊ घातलेले. माझ्या बोटाला शिरायला जागा नव्हती.

मी विचारलं, "सर, कपॅसिटर उलटा तर नाही ना बसला?"

"छे. मी स्वतः पाहिलाय."

आणि शिट्टी वाजली.

शकीलभाई थेट रस्त्यावर, अनवाणी. बाळूदादा कोपऱ्यातल्या गव्हाच्या पोत्यामागं. सर स्कूटरच्या पलीकडं बसले. त्यांचा एक हात तेव्हाही खिशात होता. बटण अजून दाबलेलंच नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. टेबलाजवळ कुणीच उरलं नव्हतं.

मी बटण दाबलं.

काचेत हळूहळू नारिंगी उजेड भरला. मग बारीकशी गुणगुण. मग गाणं आलं, आणि दहा बाय दहाच्या खोलीला पुरून उरेल एवढं आलं.

स्कूटरमागून सरांचा आवाज आला. "रेणूचा वाजतोय."

शकीलभाई दारात येऊन चप्पल शोधायला लागले. "लेकिन वो सीटी?"

"कुकरची असेल," मी म्हटलं.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कुठला कुकर? गॅस सकाळीच संपलाय. चहासुद्धा शेजारून मागवलाय."

तिघांनी माझ्याकडं पाहिलं. माझा उजवा हात बटणावर होता, सगळ्यांना दिसत होता. डावा, शिस्तीप्रमाणं, खिशात.