गुलाबकाकाचा हातोडा

आमचं काम सारं जमिनीत जाते, बावा. वर उरतात ते किस्से! मी पायलिंगच्या मशीनवर ऑपरेटर. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. तिच्यावर बिल्डिंग उभी करायची तं आधी काँक्रीटचे लांबच लांब खांब, म्हणजे पाइल, मशीनच्या हातोड्यानं खालच्या कडक मुरमापर्यंत ठोकावे लागतात. दिवसभर धाड, धाड, धाड! त्या आवाजात कोणाशी बोलता येत नाई. मंग डबा खायले बसलो की साऱ्यांचं साचलेलं एकदम बाहेर निघते.

*

चांदूर रेल्वेले माही सासुरवाडी. एकदा सासूबाईले मोठ्या हौसेनं नांदगाव पेठची साइट दाखवली. तीन महिने राबलो होतो तिथं. सासूबाई समोरच्या सपाट जागेकडं पाहतच राह्यल्या.

मी म्हटलं, "आई, सारं खाली हाय!"

"जावाईबापू," त्या म्हणे, "तीन महिन्यांत आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीनं दोन संडास बांधले. निदान दिसतात तरी!"

*

अकोटले एका मंगल कार्यालयाचं काम होतं. बाजूच्या घरातली आजी रोज भांडायले ये. "माह्या फळीवरचे डबे खाली पडून राह्यले! बंद करा तुमचं ते धाडधाड!"

एक दिवस मशीनचा पाइप फुटला, काम बंद. नऊ वाजता आजी हजर! आता काय झालं बावा?

"आज काहून ठोकून नाई राह्यले? बुढा अजून घोरून राह्यला. तुमच्या दणक्याशिवाय उठतच नाई आता!"

*

पाइल मुरमाले टेकली की नाई, हे शेवटच्या दहा घावांवर कळते. दहा घाव मोजायचे अन् पाइल किती खाली गेली ते पाहायचं. ही मोजायची सवय लय बेकार! बायको खलबत्त्यात ठेचा कुटून राह्यली होती. मी पेपर वाचता वाचता बोलून गेलो, "आठ... नऊ... दहा. बस! मोज आता!"

तिनं बत्ता माह्या हातात दिला. तवापासून आमच्या घरी ठेचा मीच कुटतो.

*

आता आमचे गुलाबकाका. सव्वीस वर्षं हातोड्यावर काढलेला माणूस, आमच्या साऱ्यांचा गुरू. आवाज खाऊन खाऊन कान गेले, त्यामुळं काकाले हळू बोलताच येत नाई. अकोल्याच्या एका लग्नात पंगतीत माह्या कानाशी लागून म्हणे, "मठ्ठा घेऊ नको बे, नुसतं पाणी हाय!"

साऱ्या पंगतीनं गिलास खाली ठेवले. नवरीचा बाप स्वतः मठ्ठा चाखायले गेला!

*

यंदा साइटवर नवा नियम आला: ज्याले कमी ऐकू येते, त्यानं मशीनवर बसायचं नाई. काकाचं तोंडच उतरलं. डबा तसाच ठेवून म्हणे, "मशीन गेली तं मी घरी बसून करू काय बे? मले दुसरं येते काय?" बोलता बोलता डोळे भरले त्यांचे.

तपासणीची व्हॅन गेटजवळ लागली. कानाले हेडफोन लावायचे, बारीक आवाज आला की बटन दाबायचं. माही तपासणी आधी झाली, अन् मी पाहून ठेवलं, आवाज सोडताना डॉक्टर मॅडमच्या यंत्रावर हिरवा लाइट लागते! ठरलं तं मंग. मी दारात उभा राहीन, लाइट लागला की नाक खाजवीन, काकानं बटन दाबायचं.

लाइट लागला. मी नाक खाजवलं. काकाचं ध्यानच नाई! पुन्हा लागला, पुन्हा खाजवलं. माहं नाक टमाट्यावानी लाल झालं, पण काका आपले खाली मुंडी घालून बसलेले. पार त्या टोकाले दुसरा ऑपरेटर बारा नंबरची पाइल ठोकून राह्यला होता.

एकदम काकानं हेडफोन फेकले अन् व्हॅनमधून उडी मारली. "बंद करा! हातोडा बंद करा! पाइल तुटली!"

मले काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. मशीनवरच्या ऑपरेटरलेही नाई, अन् तो तं सकाळीच पास झाला होता! इंजिनिअरनं तपासलं. पाइल खरंच जमिनीखाली मधातच तुटली होती. तिच्यावर कॉलम चढला असता तं काय झालं असतं, इचारूच नका.

"तुमाले कसं समजलं काका?" इंजिनिअर त्यांच्या कानाशी ओरडला.

"पायाले समजते न बाप्पा! दणका पोकळ येऊन राह्यला होता."

काका घाम पुसत व्हॅनमध्ये परत आले अन् आपल्याच हातानं हेडफोन लावले. "हं मॅडम, करा सुरू."

मॅडमनी हळूच त्यांचे हेडफोन काढले अन् मोठ्यानं म्हणाल्या, "काका, तपासणी केव्हाच संपली! तुम्ही एकदाही बटण दाबलं नाही. आता फॉर्मवर मी काय लिहू?"

काकानं फॉर्मकडं बोट दाखवलं. मंग म्हणे, "लिहा, बारा नंबरची पाइल तुटली होती. खाली सही मी करतो."